सात की साठ

वर्गात तिला सगळे तोफ म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं. ती बोलायला लागली की मागच्या बाकावर डुलक्या काढणारेही सावरून बसत. जमीन मोजण्याच्या अभ्यासक्रमाचं हे तिचं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकात ती पहिली आली होती. त्यामुळे यंदा चौघाचौघांचे गट पाडल्यावर आपल्या गटाचा म्होरक्या कोण, हा प्रश्न तिने कोणाला पडूच दिला नाही.

तिच्या गटात होते काका. वय सत्तेचाळीस. वीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, पाठीने कुरकुर सुरू केली तशी नोकरी सोडून शिकायला आले. वर्गातल्या पोरापोरींत बसताना आधी लाजले, मग रमले. दुसरी होती शंका. तिचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे वापरलं जात नसे, कारण तास संपल्याची घंटा झाली तरी तिचा हात वरच असे. आणि तिसरा मौनी. तो इतकं कमी बोलायचा की पहिल्या महिन्यात अर्ध्या वर्गाला त्याचा आवाजच माहीत नव्हता. अक्षर मात्र छापल्यासारखं.

काम तसं सोपं. कॉलेजच्या फाटकाजवळ खुणेचा एक दगड आहे, त्याची उंची ठरलेली. तिथून निघायचं, पाण्याच्या टाकीखालून, वर्कशॉपच्या मागून, कँटीनला वळसा घालून पुन्हा त्याच दगडाशी यायचं. वाटेत ठिकठिकाणी एकाने उंच पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने तिपाईवरच्या दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा, तिसऱ्याने तो वहीत लिहायचा, चौथ्याने अंतर मोजायचं आणि यंत्रावर छत्री धरायची. परत दगडाशी आलं की हिशेबाने उंची तीच यायला हवी. दहा मिलिमीटरपर्यंतची चूक माफ. त्याच्या वर गेली की फेरी बाद.

"मी यंत्रावर," तोफ म्हणाली. "काका पट्टी धरतील, मौनी वही, शंका छत्री. चला."

"एक विचारू?" शंकाने हात वर केला. "तू यंत्रापाशी, काका चाळीस पावलांवर. थांबा, चला, पट्टी सरळ करा, हे त्यांना कसं सांगणार? खुणा आधी ठरवून घेऊ या का?"

"त्यात काय ठरवायचं? मी हात करीन तसं करा. आकडे मोजायला आलोय की खुणा मोजायला?"

शंकाने छत्री उघडली.

तोफेचा हात यंत्रावर खरोखर चांगला होता. तिपाई रोवायची, पाण्याचा बुडबुडा मधोमध आणायचा, डोळा लावायचा आणि आकडा फेकायचा. फेकायचाच. दुर्बिणीवरून डोळा न काढता, तोंड पलीकडे ठेवून, एका दमात. मौनी जवळ येऊन उभा राहिला तर म्हणाली, "लांब हो रे, तिपाईला पाय लागला तर सगळं मुसळ केरात." तो चार पावलं मागे सरकला. दुसऱ्या ठिकाणी त्याला एक आकडा नीट ऐकू आला नाही.

"परत सांगतेस?"

"कान घरी ठेवून आलास का?" ती म्हणाली. म्हणाली हसतच. आकडा परत सांगितलाही. काका हसले, शंका हसली, मौनीही हसला. तेवढ्यावर ते संपलं, असं तोफेला वाटलं.

फेरी पुरी झाली. कँटीनच्या पायरीवर बसून मौनीने बेरजा केल्या आणि वही पुढे केली. पंचावन्न मिलिमीटरची चूक.

"पंचावन्न!" तोफ उठून उभी राहिली. "काका, पट्टी तिरकी धरली होती तुम्ही."

"नाही बुवा. पट्टीवरचा बुडबुडा बघूनच धरत होतो."

"मग मऊ मातीत टेकवली असेल."

काकांनी पट्टी मिटायला घेतली. वीस वर्षांत त्यांनी यापेक्षा जास्त ऐकून घेतलं होतं, पण तिथे समोरचा माणूस पुढच्या थांब्यावर उतरून तरी जायचा.

दोन दिवसांनी दुसरी फेरी झाली. या वेळी तोफ काकांवर डोळा ठेवून होती. वर्कशॉपच्या मागे एक गांधीलमाशी तिच्या कानाशी घोंघावायला लागली. तिने हात झटकून तिला हाकललं. चाळीस पावलांवरून काकांना तो हात दिसला. तोफेने चला म्हटलं, असं समजून त्यांनी पट्टी उचलली आणि जमिनीत ठोकलेल्या पुढच्या खुंटीवर नेऊन उभी केली. मागच्या खुंटीवरचं वाचन अजून व्हायचंच होतं. तोफेने दुर्बिणीतून पाहिलं, पट्टी दिसली, वाचली. ती कुठल्या खुंटीवर आहे, हे कोणी पाहिलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

चूक आली तीनशे बारा मिलिमीटर.

त्या दुपारी कँटीनच्या पायरीवर तोफ धडाडली. कोणाचं लक्ष नाही, कोणाला गांभीर्य नाही, मी एकटीने किती करायचं, असा पाढाच वाचला. घरी जाताना राहिलेलं सगळं तिने मोबाइलवरच्या गटात बोलून पाठवलं. तो निरोप सात मिनिटांचा होता. शंकाने दीड मिनिट ऐकून ठेवून दिला. मौनीने पूर्ण ऐकला आणि काही लिहिलं नाही. काकांनी अंगठा पाठवला. तो होकाराचा होता, रागाचा होता की चुकून लागला होता, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

"बघ ना," ती आईला म्हणाली. आई इस्त्री करत होती. "एवढं बोलले, तर एक जण उत्तर देत नाही."

"तू त्यांना काही विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात?"

"आता हे मला विचारतेस?" आईने शर्टाची कॉलर उलटली. "मला तर तीन दिवस झाले, तुला सांगायचंय की तुझ्या मावशीचं घर बदललं. मध्ये फटच सापडत नाही."

तोफेला मावशीच्या घराचं आश्चर्य वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ प्रात्यक्षिक घेणाऱ्या मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम बुटक्या, चष्मा डोक्यावर, टेबलावर वह्यांचा ढीग.

"मॅडम, मला गट बदलून द्या."

मॅडमनी चष्मा खाली आणला, दोन्ही फेऱ्यांची पानं सावकाश पाहिली.

"यंत्रावर कोण होतं?"

"मी."

"दोन्ही वेळा?"

"हो. मला ते चांगलं जमतं."

"म्हणजे जे येतं तेच तू परत शिकतेयस." मॅडमनी वही मिटली. "गट बदलणार नाही. कामं बदला. हा मुलगा यंत्रावर, तू वहीवर, पट्टी त्या प्रश्नवाल्या मुलीकडे. परवा वह्या द्यायच्यात. उद्याचा दिवस आहे तुमच्याकडे."

"पण मॅडम—"

"वहीवर," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा डोक्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं दगडाशी जमले ते एकमेकांची नजर चुकवत. तोफेने मॅडमचा निरोप सांगितला, तोही तीन वाक्यांत. मौनीने तिपाई उचलली. काकांनी छत्री आणि टेप घेतला. शंकाने पट्टी खांद्यावर टाकली आणि तिच्या ओझ्याने ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेली. कोणी हसलं नाही. इतकं वाईट चाललं होतं.

तोफेने वही उघडली आणि यंत्रापासून चार पावलांवर जाऊन उभी राहिली. तिचाच नियम होता.

पहिली दोन ठिकाणं ठीक गेली. पाण्याच्या टाकीखाली वारा होता. मौनीचा आवाज आधीच बारीक, त्यात तो वाऱ्याने पळवला.

"काय?" तोफ म्हणाली.

मौनीने दुर्बिणीवरून डोळा काढला, तिच्याकडे तोंड केलं आणि आकडा पुन्हा सांगितला.

पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच. "काय म्हणालास?" त्याने पुन्हा सांगितलं. वर्कशॉपच्या मागे आले तर आत कोणीतरी लोखंड घासत होतं, कानाला दडे बसत होते. तिने तिसऱ्यांदा विचारलं. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं, चेहऱ्यावर आठी नाही, काही नाही.

चौथ्या वेळी तिला ऐकू आलं, एक सहाशे बाहत्तर. की ब्याण्णव? तिने तोंड उघडलं आणि मिटलं. चार वेळा? बहिरी म्हणेल हा मला. काका हसतील. ब्याण्णवच असणार, मागचा आकडा तसाच होता. तिने लिहिलं, ब्याण्णव. मौनीने तिपाईचे पाय मिटायला हात घातला.

तिची पेन्सिल कागदावरच राहिली. आपण हे काय केलं, ते तिला लख्ख दिसलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी दिसलं, तेव्हा तिचे कान तापले.

"थांब!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने, की लोखंड घासणाऱ्यानेही हात थांबवला. "हलवू नकोस. मला ऐकू आलं नव्हतं. मी अंदाजाने लिहिलंय. परत सांग."

मौनी पुन्हा वाकला. "एक. सहा. सात. दोन." एकेक आकडा सुटा, मण्यासारखा.

तिने ब्याण्णव खोडलं. नवा आकडा शेजारी लिहिला. मग वही मिटून ती त्याच्याजवळ गेली.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली आला की काकांनी छत्री बाजूला करून पाहिलं. "पहिल्या दिवशी तुलाही असंच झालं होतं का?"

मौनीने मान हलवली.

"कुठल्या आकड्याला?"

"टाकीखालच्या." त्याला आठवावं लागलं नाही. "एक चारशे सात की एक चारशे साठ. वारा होता. मी साठ लिहिलं."

"मग विचारायचं नाही का रे?"

"त्याच्या आधीच्या ठिकाणी विचारलं होतं," मौनी म्हणाला. यात ठपका नव्हता. पाऊस पडला होता असं सांगावं तसं त्याने सांगितलं.

कान घरी ठेवून आलास का. तिला स्वतःचा आवाज आठवला, शब्दासकट, हसण्यासकट. तिने झटकन वही उघडून पहिल्या फेरीचं पान काढलं. साठातून सात गेले त्रेपन्न. पंचावन्नातून त्रेपन्न गेले दोन. दोन मिलिमीटर! पहिली फेरी जवळजवळ अचूक होती. काकांची पट्टी सरळ होती. माती घट्ट होती. सगळा घोळ एका सातात होता आणि तो सात तिने वाऱ्यात फेकला होता.

"चार दिवस तुला हे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. वाटत होतं. सांगणार होतो, पण तू काकांना बोलायला लागलीस. मग तो सात मिनिटांचा निरोप आला."

"तू तो पूर्ण ऐकलास?" शंका पट्टी टाकून केव्हाच जवळ आली होती. "खरंच? पूर्ण?"

पहिलं हसू काकांना फुटलं. मग शंकाला. तोफेला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मौनी, तुझ्या बाबतीत. काका, तुमच्या बाबतीत तर दोनदा. शंका, तू पहिल्याच दिवशी खुणा ठरवू म्हणालीस."

"म्हणाले होते ना?" शंका खूश झाली. "मला वाटलं मलाच भास झाला."

काकांनी घसा खाकरला. "अगं पोरी, कबूल करायचं तर मलाही करू दे. दुसऱ्या दिवशी तू हात केलास ना, तो मला जरा विचित्रच वाटला होता. चला म्हणताना माणूस इतका नाचत नाही. पण म्हटलं, आपण कशाला विचारायचं, पुन्हा पट्टीवरून बोलणी बसायची."

"मी हात केला? कधी?"

काकांनी करून दाखवलं. गांधीलमाशी, झटकलेला हात, गिरकी, सगळं. तोफ खाली बसून हसली.

मग ते चौघंही वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर बसले आणि पहिल्या दिवशी पाच मिनिटांत झालं असतं ते काम तब्बल अर्धा तास केलं. आकडे सुटे सांगायचे, हे मौनी आत्ताच करत होता. लिहिणाऱ्याने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं, हे तोफेने स्वतःहून घातलं, कारण आपण अंदाज लिहू शकतो हे तिला आता कळलं होतं. शंकाने सतरा प्रश्न विचारले. त्यातले अकरा कामाचे निघाले. घोडं अडलं ते लांबच्या माणसाला खूण करण्यापाशी. हात नको, यावर एकमत झालं. जगात माशा फार आहेत.

"बसमध्ये आमचं सोपं होतं," काका म्हणाले. "गर्दीत ड्रायव्हरला माझं तोंडही दिसायचं नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कितीही घाई असो, दोन घंट्या वाजल्याशिवाय त्याने कधी गाडी हलवली नाही. आणि मी कधी गंमत म्हणून वाजवली नाही."

"पण इथे घंटी कुठून आणायची?" शंका म्हणाली.

काकांनी दोन बोटं तोंडात घातली. जी शिट्टी निघाली तिने टाकीवरची कबुतरं उडाली. तिघंही त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" तोफेने विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाली, "राहू दे. कळलं."

दुपारी त्यांनी फेरी पुन्हा दगडापासून सुरू केली. मौनी वाचायचा, तोफ म्हणायची, "एक, चार, शून्य, सात?" तो मान हलवायचा, काका दोन शिट्ट्या वाजवायचे, शंका पट्टी उचलून पुढे जायची. एक लय बसली. तोफेला मध्ये मध्ये जीभ चावावी लागली, कारण तिपाई कुठे रोवायची याबद्दल तिचं मत मौनीपेक्षा वेगळं होतं. दोनदा तिने ते सांगितलं. एकदा त्याने ऐकलं. एकदा तो म्हणाला, "नको, इथून झाड आडवं येतं," आणि खरंच येत होतं.

फक्त एकदा गडबड झाली. कँटीनपाशी दुसरा एक गट त्याच कामावर होता. काकांच्या शिट्ट्या आपल्यासाठीच आहेत असं समजून त्यांचा पट्टीवालाही चालायला लागला. त्यांचं यंत्रावरचं पोरगं तणतणत आलं. तोफेची जीभ जुन्या सवयीने वळवळली. पण तिने आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्याचं चुकत नव्हतं. मग काकांनी आपल्या शिट्ट्या आखूड केल्या आणि लांब शिट्टी त्या गटासाठी राखून ठेवली. त्या गटालाही शिट्टीची पद्धत पटली, पण त्यांच्यात कोणाला वाजवताच येईना. नुसता वारा निघे. काकांनी त्यांना पाच मिनिटं शिकवणी दिली.

चूक आली तीन मिलिमीटर.

मौनीने बेरीज दोनदा केली, तोफेने एकदा, शंकाने उलटीकडून. तीनच. काकांनी वही कपाळाला लावली आणि सगळ्यांना चहा पाजला.

वही लिहून देताना प्रश्न आला, जुन्या दोन फेऱ्यांच्या पानांचं काय करायचं. फाडून टाकली तर कोणाला कळणार नव्हतं. "राहू दे," मौनी म्हणाला. तोफेने पेन घेतलं. पहिल्या पानाखाली तिने लिहिलं: सात सांगितलं, साठ ऐकलं. विचारलं नाही, कारण मी विचारू दिलं नाही. दुसऱ्या पानाखाली तिने गांधीलमाशीची हकीकत लिहिली. त्यावर शंकाने माशीचं छोटंसं चित्र काढलं, तोफ नको नको म्हणत असताना.

निकाल लागला तेव्हा त्यांचा गट दुसरा आला. पहिल्या गटाची चूक एक मिलिमीटर होती. तोफेला ते लागलं, नाही असं नाही. संध्याकाळपर्यंत ती जरा घुश्शातच होती. मग मॅडमनी चौघांना बोलावलं.

"वर्कशॉपच्या मागे पाणी साचतं, पाहिलंय का?" मॅडमनी विचारलं. "तिथे गटार खणायचंय. उतार कुठून कुठे द्यायचा याचे आकडे हवेत. गवंडी सोमवारी येतोय. कराल?"

"आम्ही?" तोफ म्हणाली. "पहिला गट तो आहे ना?"

"त्यांचे आकडे चांगलेच आहेत. पण आपण कुठे चुकतो हे माहीत असलेला गट मला एकच सापडला." मॅडमनी वही उघडून माशी दाखवली. "ही कोणी काढली?"

शंकाने सवयीने हात वर केला.

सोमवारी गवंडी आला आणि तोफेला पहिल्यांदाच आपल्या तोडीचा माणूस भेटला. तो ट्रकच्या भोंग्यासारखा बोलायचा आणि शब्दांच्या मध्ये जागाच सोडायचा नाही. "काय म्हणालात?" तिने विचारलं. "परत सांगाल का?" तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर गवंडी थबकला, हातातली थापी खाली ठेवली आणि एकेक शब्द मोजून बोलला. मग स्वतःच म्हणाला, "असं बरं वाटतं की. माझी बायकोसुद्धा विचारत नाही, नुसती हो म्हणते."

चार दिवसांत गटार झालं. कामगारांनी सिमेंटचा शेवटचा हात फिरवला, ते वाळलं, आणि वर्कशॉपच्या मास्तरांनी वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतलं. चौघं वाकून पाहत होते. पाणी क्षणभर जागीच घुटमळलं, मग तळ धरून निघालं. वर्कशॉपच्या भिंतीला न शिवता, कोपऱ्यावर वळून, दिसेनासं झालं. तोफेने मौनीच्या पाठीत अशी थाप मारली की तो बादलीत जाता जाता वाचला.

"पण कोपऱ्यापलीकडे ते जातं कुठे?" शंका म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी तिसरी बादली भरून घेतली, ओतली आणि चौघंही पाण्याच्या मागोमाग पळत सुटले.